ऊस संशोधनाचा पैसा येतो कुठून?

पाटसच्या चौकात बेण्याचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: सरकार या संशोधन केंद्रांवर पाण्यासारखा पैसा ओततं, आमच्या फडात काय पडतं? विचारणं रास्त आहे. पण त्याच्या पोटात बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा की या सगळ्या संस्था एकाच सरकारी तिजोरीवर चालतात. पाटसहून पुण्याकडे निघालात तर मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट लागते. ती सरकारी नाही. सहकारी साखर कारखानदारीने १९७५ साली ती उभी केली आणि गाळलेल्या उसाच्या टनामागे एक रुपया कारखान्यांकडून तिला जातो. म्हणजे तिथला हिशेब विचारायचा तर आधी कारखान्याच्या वार्षिक सभेत उभं राहायला हवं. त्याच मांजरीतलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मात्र भारतीय कृषी संशोधन परिषदेचं, म्हणजे केंद्राच्या पैशावरचं. रोटी घाट चढून बारामतीकडे गेलात तर माळेगावची अजैविक ताण व्यवस्थापन संस्थाही केंद्राचीच. २००९ पासून तिथे दुष्काळ, क्षार आणि उष्णतेवर काम चालतं. बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र ट्रस्टच्या आवारात असल्याने अनेकांना खासगी वाटतं, पण त्याच्या पगाराचा आणि कामाचा खर्च परिषद देते. नीरेजवळचं पाडेगाव ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं. ते राहुरी विद्यापीठाकडे, म्हणजे राज्याकडे. तिथेही अखिल भारतीय समन्वित प्रकल्प असेल तर ७५ टक्के केंद्र आणि २५ टक्के राज्य अशी वाटणी असते.

‘पाण्यासारखा पैसा’ हा दुसरा गैरसमज. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राच्या कृषी संशोधन व शिक्षण विभागाला सुमारे ९,९४१ कोटी रुपये होते. त्याच वर्षी खतांच्या अनुदानासाठी सुमारे १ लाख ६४ हजार कोटी. संशोधनाच्या त्या ९,९४१ कोटींत देशभरातल्या संस्था भागवायच्या, आणि त्यातलाही मोठा हिस्सा पगार-पेन्शनमध्ये जातो. युरियाच्या गोणीवर सरकार सढळ आहे. ती गोणी किती टाकावी हे शोधणाऱ्यावर नाही.

आता फडात काय पडतं ते पाहू. दौंड-शिरूरच्या उसात वर्षानुवर्षं दिसणारा ८६०३२ हा वाण कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेत तयार झाला. ८६ म्हणजे १९८६; त्या साली त्याला क्रमांक मिळाला, संकर त्याच्याही आधीचा. इथल्या मातीत चाचण्या होऊन महाराष्ट्रासाठी तो प्रसारित झाला १९९६ मध्ये. दहा वर्षं निव्वळ खर्चाची, हाती काही न देणारी. पाडेगावचा फुले २६५ आला २००७ ला. टनेज भरपूर, आणि कालव्याकाठच्या चोपण, क्षारपड जमिनीत जिथे दुसरा ऊस पिवळा पडतो तिथेही तग धरणारा. उतारा कमी म्हणून सुरुवातीला काही कारखाने त्याची नोंद घ्यायला नाखूश होते. शेतकऱ्यांनी मात्र लावला. शिरूरचा कांदेवाला ज्या भीमा शक्तीचं बी मागतो, तेही राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचं.

मंजूर झालेला पैसा लगेच हाती येतो, हाही भ्रमच. निधी हप्त्यांनी येतो, आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. आडसाली ऊस लावायचा जुलै-ऑगस्टमध्ये, तुटतो पुढच्या वर्षाच्या शेवटी. त्याचा प्रयोग एका आर्थिक वर्षात बसणार कसा? शिवाय राज्याच्या चारही कृषी विद्यापीठांत बरीच पदं रिकामी आहेत. अनुदान वाढवा म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी आधी ती भरायला लावावीत.

मग चौकातली तक्रार मांडायची कुठे? प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राला शास्त्रीय सल्लागार समिती असते. वर्षाचा कामाचा आराखडा तिच्यापुढे येतो आणि तिच्यावर शेतकरी प्रतिनिधीही असतात. आपल्या भागातून तिथे कोण बसतं, ते विचारा, आणि क्षारपड जमिनीचा प्रश्न त्यांच्यामार्फत लेखी मांडा.