दारातली घुंगरांची काठी

ओक म्हटलं की आपल्याला आधी आडनाव आठवतं. फार तर परदेशी सिनेमातलं पानगळीचं झाड. पण ओक आपल्या देशातही आहे, हिमालयात. चारधाम करून आलेल्या कितीतरी जणींनी तो पाहिलेला असतो, ओळखलेला मात्र नसतो. गढवाल-कुमाऊंमध्ये त्याला बांज म्हणतात. पान वरून गर्द हिरवं, खालून पांढुरकं. वारा सुटला की सगळी उतरण रंग बदलते.

खरं सांगायचं तर बांज हे तिथल्या बायकांचं झाड आहे. गुरांना चारा त्याचा, चुलीला सरपण त्याचं, शेताला खत त्याच्याच पाल्याचं. आणि मुख्य म्हणजे पाणी! बांजाखाली पडलेला पाला कुजून मऊ, ओलसर थर होतो. पाऊस त्यावरून धावत सुटत नाही, जिरतो. पुढे तोच उतारावर खाली झरा होऊन निघतो. म्हणून बांजाच्या रानातल्या गार पाण्याचं कौतुक तिथल्या लोकगीतांतही आहे. इंग्रजांच्या काळापासून लाकूड आणि राळेसाठी चीड म्हणजे पाइनची झाडं वाढवली गेली. चीडही तिथलाच, त्याचा काय दोष! पण त्याच्या वाळक्या सुयांचा थर उन्हाळ्यात भराभरा पेटतो, आणि तो पाला गुरं तोंडात धरत नाहीत. बांज आटला की बाईची पायपीट वाढते, डोक्यावरच्या भाऱ्यासाठीही आणि हंड्यासाठीही.

पौडी जिल्ह्यात दूधातोलीच्या डोंगररांगेत उफरैंखाल नावाचं गाव आहे. तिथले शिक्षक सच्चिदानंद भारती कॉलेजात असताना चिपको आंदोलनात होते. 1980च्या सुमारास त्यांनी शाळेतली मुलं आणि गावोगावच्या महिला मंगल दलांना घेऊन उजाड उतारांवर झाडं लावायला सुरुवात केली. पुढे 1987च्या दुष्काळात रोपं वाळू लागली. नुसती झाडं लावून भागणार नाही, आधी जमीन ओली राहिली पाहिजे, हे लक्षात आलं. डोंगरावर पाणी साठवायच्या लहान तळ्यांना पूर्वी चाल, खाल म्हणत. गावाच्या नावातच ‘खाल’ आहे बघा! मग उतारावर छोटे छोटे खड्डे खणले, त्यांच्या कडांना गवत आणि बांज, बुरांश, उतीस अशी तिथलीच झाडं लावली. असे हजारो खड्डे झाले, काम शंभराहून अधिक गावांत पोचलं. ‘सूखा रौला’ म्हणजे कोरडा ओढा या नावाने ओळखला जाणारा नाला पुन्हा वाहू लागला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं गाडगंगा.

मला मात्र सगळ्यात आवडली ती राखणीची तऱ्हा. बांज वाढतो अगदी सावकाश. पहिली काही वर्षं त्याचं सगळं लक्ष मुळाकडे, आणि वर आलेला कोवळा पाला शेळ्यांच्या फार आवडीचा. राखण केली नाही तर संपलंच. त्यासाठी गावातल्या बायकांनी एक काठी केली, टोकाला घुंगरं बांधलेली. जिची पाळी ती काठी घेऊन रानात जाणार. संध्याकाळी परतली की काठी शेजारणीच्या दारात ठेवणार. सकाळी दार उघडल्यावर समोर काठी दिसली की समजायचं, आज आपण. ना हजेरीपट, ना शिपाई, ना पगार.

रान वाढलं की त्यात राहणारेही येतात. बांजाचं फळ म्हणजे टोपी घातलेली इवलीशी सुपारी. वानर, उडत्या खारी, अस्वलं ते आवडीने खातात. अस्वल आलं म्हणजे कौतुकच आहे असं नाही हं. हिमालयात गवत कापायला गेलेल्या बायकांवर अस्वल-बिबट्याचे हल्ले होतात, म्हणून शक्यतो एकटीने रानात जायचं नसतं. बी रुजवण्यातही घाई करावी लागते. फळ वाळलं की बी मेलं. पाण्यात टाकून तरंगणारी, किडकी फळं बाजूला काढायची आणि बुडालेली लगेच पेरायची.

हे वाचून कुणी अंगणात बांज लावायला निघू नका. आपल्या उन्हात त्याचं काही खरं नाही. आपल्या ओढ्याकाठच्या ओलाव्याला उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन ही घरचीच माणसं आहेत. पक्ष्यांनाही उंबर मिळालं की आणखी काय हवं! जुलैत रोप लावायला आणि फोटो काढायला गर्दी होतेच. मार्चमध्ये पाणी कोण घालणार, एवढंच आधी ठरवायला हवं.

आमच्या बचत गटात ही काठीची गोष्ट सांगितली, तर एकीने लगेच विचारलं, “अहो ताई, आणि त्या दिवशी घरी पाहुणे आले तर?” मी काही बोलायच्या आत दुसरी म्हणाली, “अगं, मग काठी माझ्या दारात ठेव की!”