मशरूम घेतलं, पण स्टारचे पैसे?

'मारिओ पार्टी २' या गेममध्ये ५ कॉइनला मशरूम मिळतं. ते वापरलं की एकाऐवजी दोन फासे! तुम्ही झपाझप पुढे जाता. पण जिंकायला स्टार लागतो आणि तो २० कॉइनचा. तिथे पोहोचलात आणि हातात १७च असतील, तर रिकाम्या हाताने पुढे.

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये हेच होतं. हप्त्यावर दुसरं व्हीएमसी घेतलं, मोठी ऑर्डर आली, पण मटेरियलला पैसे नाहीत. सूक्ष्म-लघु उद्योगांचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं, असं २००६चा एमएसएमईडी कायदा सांगतो. हप्ता मात्र दर महिन्याला येतोच.

म्हणून मशीन बुक करण्याआधी दोन महिन्यांचं मटेरियल, पगार आणि हप्ता कागदावर मांडा. तेवढे पैसे बाजूला निघाले, तरच मशरूम घ्या.