गोठ्याची घरं करण्याआधी सातबारा वाचा

सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा जवळ आली की घोडेबाजाराइतक्याच जागांच्या गप्पाही रंगतात. गेल्या मार्गशीर्षात टपरीवर ओळखीचे एक आप्पा भेटले. गावाबाहेर रस्त्याला लागून एक जुना गोठा विकायला निघाला होता. पक्क्या विटांच्या भिंती, वर पत्रे. मधे तीन आडभिंती घातल्या की चार बिऱ्हाडं बसतील, यात्रेत खोल्या भाड्याने जातील, दोन विकून पैसे मोकळे होतील, असा आप्पांचा हिशेब. कापसाचे पैसे इसार म्हणून द्यायला निघाले होते.

"घराची परवानगी आहे ना साहेब, मालकाने ग्रामपंचायतीचा उतारा दिला!"

उतारा पाहिला तर तो नमुना 8. बंधूंनो, हा कर आकारणीचा उतारा. घरपट्टी कोणाच्या नावे लागते एवढंच तो सांगतो. त्याने मालकी ठरत नाही, आणि परवानगी तर नाहीच नाही.

मग गोठा उभा कसा राहिला? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये शेतावरच्या इमारतीला मोकळीक दिलेली आहे. गुरं बांधायला, अवजारं, खत, चारा, शेतमाल ठेवायला, खातेदाराच्या कुटुंबाला किंवा सालदाराला राहायला केलेलं बांधकाम हा शेतीचाच भाग धरला जातो. पण त्याच गोठ्यात चार परकी बिऱ्हाडं बसवली की तो शेतीचा वापर राहत नाही. मालकाला असलेली मोकळीक तुमच्या घरांना लागू होत नाही, गोम इथेच आहे.

जागा गावठाणात असेल तर बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीकडे मागायची. बाहेर असेल तर मामला महसूल खात्याचा. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी कलम 42-ड ने वाट सोपी करून दिली. बिनशेतीचे नियम अलीकडे बरेच बदललेत, म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केलं ते विचारू नका. गट नंबर लिहून तहसीलला अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. वापर बदलला तरी बांधकामाचा नकाशा वेगळा मंजूर करावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

खोल्या सुट्या विकायच्या तर 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. त्यात 2025 मध्ये सवलती आल्या, पण त्या आपल्या गटाला लागू आहेत का हे दस्ताआधी तपासायचं. जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी असला पाहिजे, हा कुळकायद्याचा दंडक नोकरदार पोरांच्या नावे व्यवहार करणारे हमखास विसरतात. आणि आपल्या जिल्ह्यात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आदिवासी खातेदाराची जमीन. कलम 36-अ प्रमाणे शासनाची पूर्वमान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी असल्याशिवाय ती बिगरआदिवासीला विकत घेता येत नाही. साध्या स्टँपवर लिहून घेतलेल्या कागदाने काही होत नाही, आणि तसा कागद कोणी करूही नये.

तापीकाठची जागा असेल तर पूररेषाही विचारा.

आता माझ्या विषयाचं थोडं. गुरांचं मूत वर्षानुवर्षं जमिनीत आणि विटांत मुरलेलं असतं. वरून गिलावा केला तरी दोन पावसाळ्यांत लोणा फुटतो. फरशी फोडून खालची माती काढावी लागते, भिंतीचा खालचा भाग बदलावा लागतो. पत्र्याखाली मे महिन्यात माणूस राहू शकत नाही. हा खर्च धरला तर गोठा स्वस्त राहत नाही, मोकळा प्लॉट परवडतो.

आप्पांनी सातबारा काढला. नावं तीन भावांची, विकणारा एकटा, इतर हक्कात सोसायटीचा बोजा. इसार अजून त्यांच्या खिशातच आहे. बाकीच्या दोन भावांच्या सह्या आणि बेबाकीचा दाखला येईपर्यंत त्यांनी मालकाला विचारून गोठ्यात कडबा भरून ठेवलाय.