थंड रक्ताचे सोबती

माघातील थंडीत, सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास, सयाजीबागेकडे जाताना काळ्या घोड्याजवळील पुलावर क्षणभर थांबून खाली विश्वामित्रीच्या पात्राकडे नजर टाकली, तर काठच्या चिखलावर ओंडक्यासारखे एखादे धूड पडलेले पुष्कळदा दिसते. अंग निश्चल आणि जबडा वासलेला. बाहेरगावचा पाहुणा सोबत असला तर तो दचकतो. आम्ही बडोदेकर मात्र "मगर ऊन खात आहे" एवढेच म्हणून पुढे चालू लागतो.

'ऊन खाणे' हा आपल्या भाषेतील प्रयोग मगरीच्या बाबतीत जवळजवळ शब्दशः खरा आहे. आपण अन्न खातो त्याचा फार मोठा भाग केवळ शरीर ऊबदार ठेवण्यात खर्ची पडतो. मगर, साप, कासव, सरडा, घोरपड हे सरपटणारे प्राणी ती ऊब शरीरात निर्माण करीत नाहीत; उन्हातून, तापलेल्या दगडातून ती उसनी घेतात. म्हणूनच त्यांना आपल्या मानाने सुमारे एक दशांश किंवा त्याहूनही कमी अन्न पुरते. 'थंड रक्ताचे प्राणी' हे नाव त्यांना चिकटले आहे खरे, परंतु दुपारी बारा वाजता त्याच मगरीचे रक्त आपल्याइतकेच ऊबदार असू शकते. फरक रक्तात नसून ऊब कोठून येते यात आहे. शरीर पुरेसे तापले की डोक्याचा भाग फाजील तापू नये म्हणून ती जबडा उघडते, आणि त्याहून तापले की मुकाट्याने पाण्यात उतरते. ऊन, सावली आणि पाणी यांच्यामध्ये दिवसभर चाललेली ही ये-जा, हेच तिचे जगणे होय.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी आमच्याकडे दोन विद्यार्थी दोन निरनिराळे प्रश्न घेऊन आले. आठवीतील एका मुलाने मोबाईलवर 'बॉल पायथन' नावाच्या सापाची चित्रे पाहिली होती आणि तो घरी पाळता येईल काय, असे त्याला विचारावयाचे होते. दुसरी नववीतील मुलगी. तिच्या काकांनी वाढदिवसास तिला एका काचेच्या वाडग्यात रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असे हिरवे कासव आणून दिले होते, आणि आता त्याची पाठ दाबली असता मऊ लागत होती. प्रश्न दोन असले तरी उत्तर मुळात एकच आहे, आणि ते त्या पुलाखाली पडलेले आहे.

प्रथम त्या सापाविषयी. बॉल पायथन हा अजगराच्या कुळातील, परंतु बेताच्या आकाराचा साप. लांबी साधारण तीन ते पाच फूट. त्याचे मूळ स्थान पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गवताळ राने. घाना, टोगो व बेनिन या देशांतून तो जगभर पाठविला जातो. भय वाटले की तो डोके मध्ये घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो, त्यावरून हे नाव. तो विषारी नाही. दिवसा उंदरांच्या बिळात किंवा वारुळात पडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात. त्यांच्या योगे गडद अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब त्याला कळते. भक्ष्याला तो विळखा घालतो. विळख्याने श्वास कोंडून प्राणी मरतो असे पूर्वी पुस्तकांतून शिकवीत असत. परंतु २०१५ साली बोआ जातीच्या सापांवर झालेल्या अभ्यासात, भक्ष्याचे रक्ताभिसरणच काही क्षणांत बंद पडते असे दिसून आले. आमच्या पिढीने लिहिलेली ती उत्तरे आता तपासली गेली तर आमचे गुण कापले जातील!

हा साप शांत असतो, हाताळता येतो, आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा खातो. म्हणून पाश्चात्त्य देशांत तो लाखो घरांत पोहोचला. मग अडचण कोठे आहे? अडचण ही की, बिळात राहणाऱ्या त्या सापाचे ऊन, सावली, ओलावा आणि ऋतू हे सर्व काचपेटीत आपणांस पुरवावे लागतात. पेटीच्या एका टोकास सुमारे ३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकास २६ अंशांच्या आसपास तापमान हवे, म्हणजे त्यास हवे तिकडे सरकता येते. हवेत पन्नास-साठ टक्के आर्द्रता हवी, नाहीतर कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटून राहते. आता बडोद्याचे हवामान आठवा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर चढतो. तेव्हा बंद काचपेटी ही भट्टीच होय, आणि तीत सापाला पळून जावयास पाणी नाही की बीळ नाही. डिसेंबरातील रात्री याच्या उलट प्रकार. साप जेवला आणि त्यास ऊब मिळाली नाही, तर पचन थांबते. गिळलेला उंदीर पोटातच कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. असे वारंवार झाल्यास तो खंगतो. रात्री वीज गेली आणि घरातील मंडळी गाढ झोपेत असली, तर दोष कोणाचा?

शिवाय उंदराचा प्रश्न आहेच. दांडिया बाजारातील ज्या घरात अंडे आणले असता आजी स्वयंपाकघराबाहेर निघून जातात, त्या घरातील फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी गोठविलेले उंदीर ठेवावयाचे, ही कल्पना त्या आठवीतील मुलासही जरा जड गेली.

आणि किती वर्षे? अमेरिकेतील सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात ६२ वर्षांहून अधिक वयाच्या एका बॉल पायथन मादीने २०२० च्या जुलैमध्ये सात अंडी घातली, तीही अनेक वर्षांत नराची गाठ पडली नसताना. सर्वच साप इतके जगत नाहीत. तथापि नीट सांभाळलेला साप वीस-तीस वर्षे सहज जगतो. आठवीतील मुलाने आज आणलेला साप त्याच्या स्वतःच्या मुलांचे शिक्षण चालू असताना घरात असेल.

एक गोष्ट आम्हांस विशेष खटकते. चित्रविचित्र रंगांच्या हव्यासापोटी या सापांची निवडक पैदास केली जाते. त्यांतील 'स्पायडर' नावाच्या नक्षीदार जातीत रंगाबरोबरच मज्जासंस्थेचा दोषही उतरतो. त्या सापाची मान डुगडुगते, त्यास आपले डोके सरळ धरता येत नाही आणि भक्ष्यावर नेम धरता येत नाही. हे ठाऊक असूनही ती नक्षी विकली गेली.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. आपल्या देशातील अजगर, मगर, घोरपड आणि पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेले स्टार कासव हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ते पाळणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा असून त्यास किमान तीन वर्षांचा कारावास आहे. घरात लक्ष्मी नांदेल म्हणून कोणी स्टार कासव आणीत असेल, तर त्याच्या मागोमाग वनखात्याचे अधिकारीही येऊ शकतात. बॉल पायथनसारखे परदेशी प्राणी आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित आहेत. अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ साली निघालेल्या नियमांनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक झाले आहे. तरीही चोरटा व्यापार चालतोच. २०२३ च्या डिसेंबरात बँकॉकहून मुंबईस उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, खाऊच्या पुड्यांत दडविलेले अकरा साप सापडले. त्यांपैकी नऊ बॉल पायथन होते. असे किती जीव वाटेत गुदमरून मरत असतील, याची कल्पनाच करवत नाही.

आपणांकडे साप 'पाळण्याची' परंपरा होतीच की, असे कोणी म्हणेल. गारुड्याच्या टोपलीतील नाग आम्हीही लहानपणी पाहिला आहे. परंतु तो पाळलेला नसे, कोंडलेला असे. त्याचे विषदंत उपटलेले असत आणि त्या जखमा चिघळत. नागपंचमीस तो दूध पीत असे, कारण कित्येक दिवस त्यास पाणीच दिलेले नसे. साप दूध पचवू शकत नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीस जिवंत नाग पकडून त्यांची पूजा व मिरवणूक होत असे, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली निर्बंध घातले. आपल्या घरोघरी पाटावर गंधाने नाग रेखून जी पूजा होते, तिच्यात नागास कसलाच त्रास नाही, हे आम्हांस फार शहाणपणाचे वाटते.

सापांवर खरे प्रेम करणाऱ्या माणसांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. पुण्याचे श्री. नीलिमकुमार खैरे हे १९८० साली काचेच्या खोलीत ७२ सापांसमवेत ७२ तास राहिले. कारणावाचून साप चावत नाही, हे लोकांस डोळ्यांनी दिसावे हा त्यामागील हेतू. पुढे १९८६ साली त्यांच्याच खटपटीने कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. ज्या मुलास साप जवळून पाहावयाचे आहेत, त्याने पुण्यास मामाकडे गेल्यावर तेथे एक दिवस अवश्य काढावा.

आता त्या मऊ पाठीच्या कासवाकडे येऊ. डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेली ही कासवे मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील. विकणारा सांगतो, "हे एवढेच राहते." हे साफ खोटे आहे. त्यातील मादी जेवणाच्या ताटाएवढी होऊ शकते आणि वीस-तीस वर्षे जगते. कासवाची पाठ हे हाडच आहे, आणि हाडास कॅल्शियम लागते. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे, आणि ते तयार होण्यास सूर्याचे अतिनील किरण कातडीवर पडावे लागतात. त्या मुलीने वाडगा खिडकीशी, चांगल्या उजेडात ठेवला होता. परंतु खिडकी बंद होती आणि काचेतून ते किरण जवळजवळ येतच नाहीत. पोरीची काळजी खरी होती, उजेडही खरा होता, आणि तरीही कासव हळूहळू वितळत चालले होते. कुत्रा आजारी पडला तर विव्हळतो, मांजर अन्न सोडून कोपऱ्यात बसते; कासव काहीच बोलत नाही. त्याचे दुखणे आपणांस कळते तोवर ते महिनोन्‌महिने जुने झालेले असते.

आजींचे म्हणणे, कासव विश्वामित्रीत सोडून द्यावे. बिचारे मोकळे होईल आणि पुण्यही लागेल. आम्ही हात जोडून त्यांस विनंती केली की, एवढे मात्र करू नये. ही जात जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहे. जेथे ती सोडली गेली, तेथे तिने मूळच्या कासवांचे ऊन खाण्याचे दगड आणि अन्न बळकावले. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांताच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मदेशी अजगर सुटले आणि सोडले गेले. तेथील ससे व इतर लहान जनावरे त्यांनी जवळजवळ संपविली आहेत. आपल्या नदीत २०२५ च्या गणनेत ४४२ मगरी आढळल्या. २०२४ च्या ऑगस्टमधील महापुरात त्या सोसायट्यांच्या आवारांत आल्या, तेव्हा वनखात्याच्या माणसांनी आणि स्वयंसेवकांनी त्यांना उचलून पुन्हा पाण्यात पोहोचविले. कोणी त्यांना पाळले नाही, फारसे कोणी मारलेही नाही. इतका जुना शेजार असलेल्या नदीत आपण परका जीव टाकू नये, असे आम्ही म्हटले. आजींना ते पटले, निदान त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

मग पशुवैद्यांना दाखविले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे वाडगा मोडीत निघाला आणि कपडे भिजविण्याचा मोठा टब आला. त्यात अर्धा दगड पाण्याबाहेर, अर्ध्या भागावर गोणपाटाची सावली. अन्नात केवळ दुकानातील गोळ्या न देता पालेभाजी आणि कॅल्शियमची पूडही आली. कासवास हात लावल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम झाला. कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात आणि ते लहान मुलांस जुलाब व ताप आणतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ सालापासून चार इंचांहून लहान कासवे विकण्यास बंदी आहे.

सहा महिन्यांनी पाठ कडक झाली. कडा थोड्या वर वळल्या आहेत, त्या तशाच राहतील असे वैद्यांनी सांगितले. आठवीतील त्या मुलाने हा टब पाहिला, दोन-तीनदा प्रश्न विचारले, आणि सापाचे नाव पुन्हा काढले नाही. सध्या तो रविवारी सकाळी पुलावर जाऊन मगरी मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. वाड्याच्या गच्चीत उन्हाची तिरीप सकाळी पूर्वेच्या कठड्याशी असते आणि दहानंतर जिन्याकडे सरकते, म्हणून टब दोनदा हलवावा लागतो. मुलीची चाचणी परीक्षा असली की ते काम आजी करतात.