जंगलाचे मजले

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत सखल भागात डग्लस फर, हेमलॉक अशा सूचिपर्णी वृक्षांची दाट जंगले आहेत. त्यांच्याखाली झुडपे आणि जमिनीलगत नेचे वाढतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात नैसर्गिक सूचिपर्णी वने नाहीत. पण मजल्यांची अशीच रचना १९५८ साली अभयारण्य झालेल्या दाजीपूरच्या जंगलात दिसते. वर जांभूळ, अंजनी, हिरडा, मध्ये कारवी, ओलसर सावलीत नेचे.

हे मजले कशामुळे पडतात? मुख्यतः उजेडामुळे. वरची पाने बराचसा प्रकाश अडवतात. खाली उरतो तो मंद उजेड आणि दमटपणा. नेच्याला हेच मानवते. त्याला फुले-बिया नसतात. त्याच्या नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशीकडे जातात. ओल नसेल तर फलन नाही.

कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकाच वेळी फुलते, बी धरते आणि वाळून जाते. मग जमिनीवर ऊन पोचते आणि नव्या रोपांना वाव मिळतो.

म्हणूनच 'साफसफाई' म्हणून झुडपे तोडली, पालापाचोळा उचलून नेला, तर मोठी झाडे उभी दिसतात. पण ओल टिकत नाही, रोपे जगत नाहीत. जुनी झाडे पडल्यावर त्यांची जागा कोण घेणार?

विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या देवराईत जाऊ या. सुतळीने एक मीटर बाजूचा चौकोन आखू. एक दाट सावलीत, एक उघड्यावर. दोन्हींतील रोपे न उपटता मोजू. फरक मुलेच सांगतील.