सुट्टीतील वाचनासाठी कादंबरीची निवड

माध्यमिक शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या, की सूचना-फलकावर उन्हाळी सुट्टीचा अभ्यास लागतो. मराठीच्या रकान्यात बहुधा "एक पुस्तक वाचून सारांश लिहिणे" असे एक कलम असते. पुस्तक कोणते वाचावे आणि ते मिळावे कोठून, याविषयी फलक काहीच सांगत नाही. परिणामी जून महिन्यात शिक्षकांच्या मेजावर जे सारांश जमा होतात, त्यांतील बरेचसे एकाच वहीवरून उतरलेले असतात. यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा आणि नेमणुकीचा अधिक, असे म्हणावे लागेल.

नववी-दहावीच्या 'कुमारभारती'त कादंबरी भेटते ती उताऱ्याच्या रूपाने. उतारा दोन-तीन तासिकांत संपतो, अडलेला शब्द शिक्षक सांगतात आणि प्रश्न खाली छापलेलेच असतात. कादंबरीचे तसे नाही. पंधरा-वीस दिवस परक्या माणसांच्या सहवासात, कोणाच्याही मदतीशिवाय राहावे लागते आणि ही सवय उताऱ्यांनी लागत नाही. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील मजकूर म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका आणि खताचे पोते, त्या घरातील मुलाच्या हाती पडणारी पहिली कादंबरी म्हणूनच फार महत्त्वाची ठरते. ती अर्ध्यावर सुटली, तर वाचन हे आपले काम नव्हे असा ग्रह त्याच्या मनात घर करून बसतो. तो पुढे काढून टाकणे कोणत्याही वाचन-सप्ताहाला साधत नाही.

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचे उदाहरण घेऊ. कृष्णाकाठची आणि धोम धरणाच्या कालव्याखालची गावे बागायती, तर पिंपोडे-वाठारकडील उत्तर भाग अवर्षणप्रवण. मे महिना दोन्हीकडे मुलांसाठी मोकळा नसतो. एकीकडे आल्याची लागण, दुसरीकडे जनावरांचे व घरचे पाणी, आणि सर्वत्र यात्रा व लग्नसराई. मुलींच्या वाट्याला तर स्वयंपाकघरही येते. वाचनाला मिळतो तो दुपारचा तासभर, तोही सलग मिळेलच असे नाही. तेव्हा नेमलेली कादंबरी अशी हवी, की जी चार दिवस बाजूला राहिली तरी पुन्हा हाती घेता येईल. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आज नववीच्या मुलाला काहीशी बाळबोध वाटेल. परंतु तिची मांडणी एकेका रात्रीची आहे आणि प्रत्येक रात्र स्वयंपूर्ण आहे. मागे पडलेल्या वाचकासाठी इतके सोयीचे पुस्तक मराठीत क्वचितच सापडेल.

या तालुक्यासाठी एकच कादंबरी निवडायची झाली, तर प्रस्तुत लेखक व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) निवडील. आकाराने ती लहान आहे आणि वाक्ये छोटी आहेत. धनगरांच्या वस्तीवर आलेला एक तरुण शिक्षक, न भरणारी शाळा, गावाने उभारलेली तालीम आणि अखेरीस सर्वांना पांगवणारा दुष्काळ, एवढीच तिची सामग्री. ती घडते औंध संस्थानाच्या मुलखात. संस्थानात मोडणारे आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे आणि औंध रहिमतपूरहून फार लांब नाही. पाऊस हुकला म्हणजे काय होते, हे उत्तर कोरेगावच्या मुलाला शब्दकोशातून शोधावे लागत नाही. जे आपण रोज पाहतो त्यावर पुस्तक लिहिले जाते, हा शोध त्या वयात मोठा असतो. बोलीतील काही शब्द अडतील, पण ते घरची वडीलधारी माणसे सांगू शकतील. शिक्षकाऐवजी आजोबांना अर्थ विचारावा लागणे हा या पुस्तकाचा एक लाभच समजावा.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'विषयी मात्र शिक्षकांत चलबिचल दिसते. वाळवा तालुक्यातील वाटेगाव हे लेखकाचे जन्मगाव. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा हा तिचा नायक. दरोड्याची कथा मुलांच्या हाती कशी द्यावी, असा आक्षेप घेतला जातो. या कादंबरीला राज्य शासनाचे पारितोषिक लाभले आहे, एवढे उत्तर पुरेसे नाही. खरे उत्तर असे, की इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि पुढे अशा माणसांना हजेरी देणे भाग पडले. हा इतिहास पाठ्यपुस्तकात फार तर एका ओळीचा असतो. त्या ओळीमागे जिवंत माणसे होती, हे 'फकिरा' दाखविते. ज्या शिक्षकाने ती स्वतः वाचली आहे, त्याने ती निर्धास्तपणे द्यावी. न वाचलेल्याने देऊ नये. हा नियम खरे तर प्रत्येक पुस्तकाला लागू आहे.

यादीत 'मृत्युंजय' आणि 'ययाति' घालण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. दोन्ही कादंबऱ्यांचे मोठेपण वादातीत आहे, परंतु 'मृत्युंजय'चा विस्तार सवय झालेल्या वाचकासाठी आहे. अशा विद्यार्थ्याला ती अवश्य द्यावी, मात्र सर्व वर्गाला नेमू नये. 'ययाति'चा भोग आणि विरक्ती हा विषय चौदाव्या वर्षी कळण्याचा नव्हे. आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) शिकण्यासाठी बापाशी झगडणाऱ्या मुलाची आहे. ती जाड असली तरी शेतात राबून शाळेत येणारा मुलगा तिला चिकटून राहण्याचा संभव अधिक. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) नववीच्या वर्गाचीच कथा आहे. तिच्यातील भाषा आणि कोवळे प्रेम यांमुळे ती यादीतून गळते, पण मुले ती चोरून वाचतातच. भाषांतरांत राम पटवर्धनांचे 'पाडस' आणि शान्ता शेळके यांचे 'चौघी जणी' ही दोन तरी असावीत. वाचनात अगदी मागे असलेल्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये.

अमेरिकेतील पुष्कळ शाळांत सुट्टीसाठी कादंबरी नेमण्याची प्रथा आहे. तेथेही सर्वांना एकच पुस्तक द्यावे, की चार-पाचांतून निवडू द्यावे, यावर मतभेद आहेत. आपल्याकडे प्रश्न त्याही आधीचा आहे, तो प्रतींचा. शालेय ग्रंथालयाची पुस्तके एप्रिलमध्ये मोजदादीसाठी परत मागविली जातात आणि कपाटाला कुलूप लागते. म्हणजे वाचायला वेळ असतो तेव्हाच पुस्तक नसते. मोजदाद शाळा उघडल्यानंतर जूनमध्ये करण्यास मुख्याध्यापकांनी संमती दिली, तर हा अडसर एका सहीने दूर होईल. एखाद-दुसरे पुस्तक हरवेल, ही भीती खरी आहे. परंतु कपाटात वाळवी लागूनही पुस्तके जातातच. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार अनुदान घेणारी वाचनालये गावोगावी आहेत. शाळेने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपली यादी तेथे पोहोचवावी. ग्रामपंचायतीने स्वनिधीतून 'बनगरवाडी'च्या पाच प्रती घेतल्या, तर एका वस्तीवरील दहा-पंधरा मुलांची सोय होते, कारण प्रत आठ-दहा दिवसांनी पुढच्या घरी जाऊ शकते.

राहता राहिला सारांश. तो मागूच नये, कारण तो उतरवता येतो. त्याऐवजी प्रत्येकाला एकच पान लिहावयास सांगावे: या पुस्तकातील कोणता माणूस आपल्या गावात आहे, आणि तो येथे काय करतो? घरच्या मंडळींना विचारून समजलेले पाच शब्द त्याखाली लिहावेत आणि ते कोणी सांगितले, त्याचे नावही.