विमानातली मासळी

वाचकहो, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, लावणी आटोपलेली असते आणि रात्री जेवणे उरकून घरची मंडळी टीव्हीसमोर बसतात. अशा वेळी एखादा जुना काळापांढरा इंग्रजी चित्रपट लागला, त्यात विमान असले आणि सगळ्यांच्या कपाळावर घाम असला, तर वाहिनी बदलू नका. हसवायला म्हणून काढलेल्या चित्रपटांत येत नाही एवढे हसू त्यात येईल.

१९५७ सालचा ‘झीरो अवर!’ हा त्यातला मासलेवाईक नमुना. कॅनडातल्या विनिपेगहून विमान रात्री व्हँकूव्हरला निघते. जेवणाला मांस किंवा मासळी. मासळी खाणाऱ्यांना विषबाधा होते आणि दोन्ही वैमानिकांनी नेमकी मासळीच खाल्लेली! प्रवाशांत टेड स्ट्रायकर नावाचा गृहस्थ आहे. युद्धात त्याने लढाऊ विमान चालवले, त्याच्या एका निर्णयाने सहा सोबती गेले, तेव्हापासून त्याने विमानाची धास्ती घेतली आहे. बायको मुलाला घेऊन निघून चालली म्हणून तिला गाठायला तो कसाबसा चढलेला. मुलानेही मासळी खाल्लेली. वर व्हँकूव्हरला धुके. आमच्या दशावतारातल्या राजावरसुद्धा एका रात्रीत एवढी संकटे कोसळत नाहीत!

गंमत अशी की चित्रपटातले कोणीच हसत नाही. जमिनीवरून बिनतारी यंत्रावर सूचना देणारा अधिकारी मध्येच म्हणतो, सिगारेट सोडायला हाच आठवडा मिळाला मला! आणि तेही सुतकी चेहऱ्याने. आपण मात्र खुर्चीवरून पडायच्या बेतात.

पुढे तिघा अमेरिकन तरुणांना, जिम एब्राहम्स आणि झकर बंधूंना, हा चित्रपट टीव्हीवर गवसला. त्यांनी चक्क त्याचे हक्क विकत घेतले, कथा तीच ठेवली, कित्येक संवाद जवळजवळ जसेच्या तसे घेतले आणि १९८० साली ‘एअरप्लेन!’ हा विनोदी चित्रपट काढला. लेस्ली नीलसनसारखे गंभीर भूमिका करणारे नट मुद्दाम निवडले. तो जगभर गाजला. आपल्या ‘मर्द’मध्येही (१९८५) दारासिंग घोड्यावरून दोर टाकून उडू पाहणारे विमान अडवतात, बुजलेला बैल आवरावा तसे! पण तिथे अतिशयोक्ती ठरवून केलेली असते. नकळत घडलेल्या विनोदाची चव वेगळीच.

आमच्या शेजारच्या काकींनी जन्मभर मासळी विकली. वैमानिक कोसळताच त्या म्हणाल्या, “मासो कुसलेलो असतलो. बरफ घालूक नाय असतले.” सगळे हसले. पण वाचकहो, साऱ्या चित्रपटात शास्त्राला धरून काही असेल तर ते एवढेच. ही कथा आर्थर हेली यांची. ते स्वतः युद्धकाळात वैमानिक होते. पुढे एकदा प्रवासी म्हणून विमानात बसले असता, दोन्ही वैमानिक एकदम आजारी पडले तर काय, असा विचार त्यांच्या मनात आला. आज अनेक विमान कंपन्यांत दोघा वैमानिकांना निरनिराळे जेवण देतात, ते याच भीतीने.

चित्रपटातली बाधा कोणती ते सोडा. आपल्याकडची मात्र ओळखीची असू द्या. बांगडा, सुरमई, कुपा ही मासळी उन्हात राहिली की जीवाणूंमुळे तिच्यात हिस्टामाइन नावाचे द्रव्य तयार होते. मग कोकम घाला, तिरफळे घाला, तासभर शिजवा. ते नाहीसे होत नाही. वासावरून नेहमीच कळते असेही नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा दोनेक तासांत तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, मळमळते. बहुधा ते आपोआप ओसरते. पण श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर तडक दवाखाना गाठावा. मासा जाळ्यातून निघाल्याबरोबर बर्फात गेला पाहिजे. बाजारात पोचल्यावर घातलेला बर्फ उशिराचा.

दोन्ही चित्रपट पाहायला मिळाले तर आधी १९५७ चा पाहा. नंतरचा आधी पाहिलात, तर जुन्यातल्या बिचाऱ्या वैमानिकाने काटा-चमचा उचलण्याआधीच घर हसू लागेल आणि काकींना मासा नीट बघताच येणार नाही.